थंडी, चारठाणा आणि छत्तीस फोटो

परभणी जिल्हा मुळातच ब्लॅक अँड व्हाइट आहे, आणि इतकी वर्षं इथं राहून ही गोष्ट मला एकानंही सांगितली नाही! काळी जमीन, तिच्यावर फुटलेला पांढरा कापूस. काळ्या पाषाणाची देवळं, त्यांच्या कळसांना मागाहून कुणीतरी फासलेला चुना. बांधावर काळी म्हैस, तिच्या पाठीवर पांढरा बगळा. धुक्यातून चालत येणारं पांढरं धोतर आणि त्याच्यावर काळं घोंगडं. हिरवा रंग तेवढा ज्वारीला आणि हरभऱ्याला दिलाय. बाकी सगळा कारभार दोन रंगांत उरकलेला.

गेला अख्खा हिवाळा मी हेच बडबडत फिरतोय. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत. ऐकणारे घड्याळाकडं बघतात, बायको ताटं मांडायला उठून जाते, पण माझा इलाज नाही. फिल्मवर फोटो काढणं हे प्रकरण मला या वयात सापडलंय आणि तेही चारठाण्यात, भर थंडीत. तेव्हा आता तुम्हीही ऐकाच.

निमित्त झालं मामांच्या कॅमेऱ्याचं. मामांचा सेलूला फोटो स्टुडिओ होता. मागं रंगवलेला पडदा, पुढं लोखंडी स्टूल, आत लाल दिव्याची डार्करूम. रंगीत फोटो आले, मग डिजिटल आलं, मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि स्टुडिओत झेरॉक्सची मशीन बसली. घर आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेतून एक कॅमेरा निघाला, पेंटॅक्स के १०००. मामांनी तो शर्टाच्या बाहीनं पुसला, शटर दाबलं, खट्ट असा आवाज आला आणि म्हणाले, "घेऊन जा. चालतंय अजून."

काय वस्तू आहे! १९७६ साली हा कॅमेरा बाजारात आला आणि पुढं वीसेक वर्षं कंपनी तो बनवत राहिली. ऑटो म्हणून त्यात काही नाही. फोकस हातानं, शटरचा वेग हातानं, लेन्सचं छिद्र लहान-मोठं करायचं तेही हातानं. शर्टाच्या गुंडीएवढा एक सेल लागतो, तोसुद्धा नुसत्या उजेड मोजणाऱ्या मीटरच्या काट्यासाठी. सेल संपला तरी कॅमेरा चालूच राहतो. मीटर बंद करायचं बटण कंपनीनं दिलेलंच नाही. लेन्सवर झाकण लावा, अंधार झाला की मीटर आपोआप झोपतं. ज्याच्या डोक्यातून हे निघालं असेल तो माणूस नक्की आपल्याकडचा काटकसरी असणार.

मामांच्या काळात फिल्म म्हटलं की इंदू. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स नावाची सरकारी कंपनी होती. १९६० मध्ये ती स्थापन झाली, १९६७ मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि फोटोच्या रोलपासून दवाखान्यातल्या एक्स-रेपर्यंत इंदूचा माल देशभर जायचा. ती कंपनी आता राहिली नाही. मी मागवली ती इंग्लंडच्या इलफर्डची एचपी५ प्लस. ४०० आयएसओ, छत्तीस फोटो, किंमत हजाराच्या आगेमागे, कुरिअरनं घरपोच. हिशोब करा: एका खट्टचे पंचवीस-तीस रुपये. फोनवर एका चहाच्या वेळात शंभर फोटो काढणारा माणूस हा हिशोब कळल्यावर एकदम सरळ होतो. आधी बघतो, मग थांबतो, बाजूला सरकतो, पुन्हा बघतो. तेवढ्यात ऊन बदलतं. मग आणखी थांबतो.

जगात जर्मनी अन् भारतात परभणी, हे आपलं ब्रीदवाक्य. पण गंमत पाहा, या छत्तीस फोटोंच्या रोलचं मापसुद्धा जर्मनीचंच आहे. वेट्झलारच्या ऑस्कर बारनाकनं सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म छोट्या कॅमेऱ्यात बसवली, २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट ठरवली, आणि १९२५ मध्ये लायका बाजारात आला. तेव्हापासून ती चौकट बदललेली नाही. जर्मनीचं माप, जपानचा कॅमेरा, इंग्लंडची फिल्म आणि यादवांचं गाव. परभणीनं त्यात फक्त उजेड घालायचा होता.

आणि उजेड कसला घातलाय!

चारठाणा जिंतूर तालुक्यात, जिंतूरहून जालन्याच्या रस्त्याला. आज ते मोठंसं खेडं आहे, पण कधीकाळी हे नगर होतं हे तिथं पाऊल टाकल्याबरोबर कळतं. घराच्या पायऱ्यांत कोरीव दगड, गोठ्याच्या भिंतीत एखादा खांब, पाराखाली झिजलेली मूर्ती. गावात विचारलं तर म्हणतात, तीनशे साठ देवळं होती, तीनशे साठ बारवा होत्या. आकड्याचं सोडा. आजही गावात फिरताना एका देवळाचा दगड नजरेआड होतो न होतो तोच दुसऱ्याचा दिसतो. गोकुळेश्वर, उकंडेश्वर, जोड महादेव. यादवांच्या काळातलं, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकातलं काम. आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो ते. चुन्याशिवाय दगडाला दगड अडकवून रचलेलं.

पहाटे निघालो. परभणीची थंडी ही चेष्टा नाही. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला आकडा दर हिवाळ्यात राज्यभरच्या बातम्यांत असतो, कित्येकदा महाबळेश्वरला मागं टाकून. २०१८ च्या डिसेंबरअखेर इथला पारा दोन-तीन अंशांच्या घरात उतरला होता. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ स्वच्छ; दिवसभराची सगळी ऊब काळी जमीन रात्रीत सोडून देते. मोटारसायकलवर कानटोपी, तिच्यावर मफलर, हातात मोजे, आणि कॅमेरा स्वेटरच्या आत पोटाशी. चारठाण्याच्या पाटीवर शेकोटी पेटलेली होती. हात शेकले, चहा घेतला आणि गावात शिरलो तेव्हा सूर्य उगवायचा होता. रस्त्यावर धूर आणि धुकं यांतलं कुठलं कोणतं हे सांगता येत नव्हतं.

आणि तो स्तंभ! उघड्यावर एकटाच उभा. कुणी त्याला दीपमाळ म्हणतं, कुणी मानस्तंभ, कुणी विजयस्तंभ. धुक्यात आधी त्याचं नुसतं टोक दिसलं. मग खांदे दिसले. मग पूर्वेकडून ऊन आलं, अगदी आडवं, जमिनीला घासत, आणि दगडावरची एकेक रेघ जागी झाली. प्रत्येक कडीखाली सावलीची पट्टी, प्रत्येक कोपऱ्याला चकचकीत धार. मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि माझ्याच श्वासानं काच धुरकट झाली. श्वास धरला, काच निवळली, खट्ट. पुन्हा श्वास, पुन्हा धुरकट. थंडीत फिल्मवर फोटो काढणारा माणूस बहुतेक वेळ श्वास रोखूनच असतो, हे मला त्या सकाळी कळलं.

आता इथं जरा भूमिती सांगतो, कारण सगळा जीव तिच्यात आहे. जिंतूर तालुका साडेएकोणीस अंश अक्षांशाच्या आसपास. मेच्या मध्यानंतर एक दिवस असा येतो की दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायाखाली गडप होते. शून्य सावलीचा दिवस. त्या दिवसांत देवळाच्या भिंतीवर उजेड वरून कोसळतो, कोरीव काम सपाट होतं, दगड पांढराफटक दिसतो. डिसेंबरअखेरीला मात्र तोच सूर्य भर दुपारी बारालासुद्धा ४७ अंशांच्या वर चढत नाही. म्हणजे भर दुपारी खांबाची सावली जवळजवळ खांबाएवढी! सकाळ-संध्याकाळचं तर विचारूच नका. यादवांच्या पाथरवटानं छिन्नीनं काढलेली दोन मिलिमीटरची खाच पाहायची असेल तर उजेड बाजूनं यावा लागतो, आणि तो असा दिवसभर बाजूनं येतो फक्त हिवाळ्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोराबाळांना घेऊन लेणी-देवळं बघायला जाणाऱ्या आपल्या सगळ्या पिढ्यांनी शिल्पं पाहिली ती सर्वांत वाईट उजेडात, हे माझं ठाम मत झालंय.

दुसरा शोध काळ्या दगडाचा. मीटरचा काटा मोठा भाबडा असतो. त्याच्या लेखी जगातली प्रत्येक वस्तू मध्यम करडी. समोर पांढरा कापूस असो की काळा बेसाल्ट, तो दोघांनाही करडं करायला बघतो. बेसाल्टवर कॅमेरा धरला की काटा म्हणतो, उजेड कमी आहे, छिद्र उघड. ऐकलं की संपलं. आठशे वर्षांचा काळा पाषाण सिमेंटचा दिसायला लागतो. मामांनी निघताना बजावलं होतं, "काटा सांगंल ते ऐकून घे अन् दोन स्टॉप खाली थांब. काळ्या दगडाला काळंच राहू दे." अमेरिकेतले अँसल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास याच गोष्टीची झोन सिस्टिम म्हणून अख्खी पद्धत बसवली. काळ्याचे, करड्याचे, पांढऱ्याचे टप्पे पाडले आणि कोणती वस्तू कोणत्या टप्प्यावर ठेवायची हे फोटो काढणाऱ्याच्या हाती दिलं. सेलूच्या स्टुडिओत अँसल अ‍ॅडम्सचं पुस्तक नव्हतं. पण काळ्या पोरीचा लग्नासाठी फोटो काढायला आई-बाप घेऊन यायचे, आणि तेव्हा मामा काटा कुठं थांबवायचे हे ऐकलं की अंगावर काटा येतो. "उजळ करा म्हणायचे. मी करत नव्हतो. पोरीचे डोळे जातात त्यात."

मग गोकुळेश्वर. बाहेर समोरच पुष्करणी. चौकोनी, टप्प्याटप्प्यानं खाली उतरत गेलेली, भिंतींत देवकोष्ठं. तिच्या चार बाजूंपैकी एकीवर ऊन आणि बाकी तिन्हींवर सावली. त्या सावलीतही किती सावल्या! वरची उघडी, मधली गडद, तळाशी ओलसर काळीभोर. रंगीत फोटोत तिथलं गवत, शेवाळ, कुणाचं तरी वाळत घातलेलं निळं लुगडं यांनी डोळा पळवला असता. इथं उरतात नुसत्या पायऱ्या. सूर्य जसजसा वर येतो तसतशी सावलीची तिरपी रेघ एकेक पायरी सोडत खाली सरकते. मी काठावर बसून ती रेघ बघत राहिलो आणि फोटो काढायचं विसरलो. विसरलो म्हणजे काय, पंचवीस रुपये वाचवले.

देवळात आत गेलो तर सभामंडपात अंधार. आणि हा अंधार, महाराजा, हा खरा विषय आहे. फोन अंधार राहूच देत नाही. गाभाऱ्यात फोन धरला की तो एका दमात कितीतरी फोटो घेऊन एकमेकांवर बसवतो, सावल्या उचलतो, कोपरे धुऊन काढतो, आणि गाभारा उजळून टाकतो. देवाच्या मागं काय होतं ते सगळं दिसतं. पण ज्यानं ते देऊळ बांधलं त्याला ते दिसू द्यायचंच नव्हतं! बाहेरच्या उन्हातून आत, मंडपाच्या अर्ध्या उजेडात, तिथून अंतराळाच्या काळोखात आणि मग समईपुरत्या उजेडात. हा प्रवास त्यानं दगडात आखलाय. एचपी५ ला तो कळतो. लेन्स पूर्ण उघडी, एफ २, शटर १/३०, पाठ खांबाला टेकवली, श्वास धरला, खट्ट. फिल्मवर आला तो खांबाचा एक कडा, वर भार पेलणाऱ्या कीचकाचं पोट आणि बाकी काळोख. एवढंच. मला तो फोटो माझ्या सगळ्या फोनभर असलेल्या फोटोंपेक्षा मोठा वाटतो.

माणसांचं सांगायला हवं. गल्लीत एका पोरानं विचारलं, "काय काढायलात काका त्या डब्यानं? दाखवा की." मागचं काळं झाकण त्याला दाखवलं. त्यावर काहीच उमटत नाही म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं दयेनं पाहिलं आणि स्वतःच्या फोनवर मला माझाच फोटो काढून दाखवला. पण ओट्यावर ऊन खात बसलेल्या आजींना कॅमेरा बरोबर कळला. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, हात मांडीवर ठेवले, हनुवटी उचलली आणि डोळा न लववता बसून राहिल्या. आताची माणसं फोटोत हसतात, हलतात, बोटं दाखवतात. आजी थांबल्या. मी फोकस लावेपर्यंत, काटा बघेपर्यंत, पुन्हा फोकस लावेपर्यंत. शेवटी त्याच म्हणाल्या, "काढ ना बाबा. कवाची दम धरलाय म्या." एका पिढीला या कॅमेऱ्यापुढं कसं बसायचं ते ठाऊक आहे, आणि ती पिढी अजून जिल्ह्यातल्या प्रत्येक ओट्यावर ऊन खात बसलेली आहे. आणखी काय पाहिजे?

चारठाण्यानं वेड लावलं आणि मग बाकीचा जिल्हाही तसाच दिसायला लागला. सेलू तालुक्यातलं वालूर, तिथली बारव गोल, पायऱ्या चक्राकार फिरत तळाला जाणाऱ्या. गावकऱ्यांनी गाळ-कचरा काढून ती मोकळी केली आणि आता ती वरून पाहिली की गरगरतं. जिंतूरजवळ नेमगिरी, टेकडीच्या पोटात जैन लेणी. आत फोटोबिटो नको, दर्शन घ्यावं आणि बाहेर येऊन टेकडीवरून खालचं धुकं बघावं. गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर जनाबाईंच्या गावची माणसं पहाटे आंघोळ करतात, आणि अंगातून वाफा निघणारी माणसं पाठीमागून येणाऱ्या उन्हात कशी दिसतात हे मी लिहून सांगू शकत नाही. मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्या. आणि खुद्द परभणीत, जानेवारी सरता सरता, हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस. तिथं रात्री पाळण्याचे दिवे आणि खालचा अंधार, म्हणून मीटरवर ४०० च्या जागी १६०० लावायचे आणि धुताना वेळ वाढवून फिल्मला तिथपर्यंत ढकलायचं. दाणा मोठा येतो. येऊ दे. उरुसात धूळ असतेच.

आता धुण्याचं. इथं मला खरंच आवरा, कारण माझ्या मते फोटो काढणं हा या उद्योगाचा निम्माच भाग आहे. निम्म्याहून मोठा आनंद न्हाणीघरात आहे.

रात्री सगळे झोपल्यावर काळ्या पिशवीत दोन्ही हात घालायचे. आत फिल्मचा रोल, टाकी आणि चकती. डोळ्यांना काही काम नाही, नुसती बोटं. फिल्मचं टोक चकतीच्या खाचेत सापडलं की हलकेच फिरवत राहायचं. टाकीचं झाकण बसलं की उजेडात यायला मोकळे. मग डेव्हलपर. मी वापरतो तो डी-७६, कोडॅकनं १९२७ मध्ये काढलेलं मिश्रण: मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट, बोरॅक्स. शंभरी गाठत आली तरी तोड निघालेली नाही. तो एकास एक पाणी घालून घेतला तर एचपी५ ला २० अंश सेल्सिअसला ११ मिनिटं. दर मिनिटाला दहा सेकंद टाकी उलटसुलट करायची. तापमान एक-दोन अंश हललं तर वेळ बदलतो, म्हणून दूध उतू जाईल या धाकानं चुलीपुढं उभं राहावं तसा मी थर्मामीटर धरून उभा.

वीस अंश. हाच तो आकडा! इंग्लंड-अमेरिकेसारख्या थंड देशांतल्या माणसांनी जगभरच्या फोटोग्राफीला घालून दिलेला. आपल्याकडं मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळातून येतं तेव्हा हात भाजतो. त्या पाण्यात फिल्म घातली तर वेळ इतका कमी करावा लागतो की डाग पडतात, आणि जिलेटिनचा थर फुगून सुरकुततो तो वेगळाच. मामा उन्हाळ्यात बर्फ आणायचे. लग्नसराई भर उन्हाळ्यात, म्हणजे रोल सगळे तेव्हाच, आणि ते रात्री दोनला बर्फाच्या लादीशेजारी बसून वरातीचे फोटो धुवायचे. पण डिसेंबर-जानेवारीत? रात्री अकराला नळ सोडला, थर्मामीटर घातला, तर अठरा. गरम पाण्याचा अर्धा तांब्या ओतला, वीस! मी न्हाणीघरात एकटाच ओरडलो. परभणीच्या नळाला हिवाळ्यात डी-७६ चं तापमान फुकट मिळतं. आडवा उजेड, थंड नळ, काळा दगड, तिन्ही एकाच मोसमात एकाच जिल्ह्यात, आणि आपण काय करतो तर गोधडी ओढून झोपतो.

डेव्हलपर ओतून दिला की साधं पाणी, मग हायपो. सोडियम थायोसल्फेट चांदीचे क्षार विरघळवतं हे जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं १८१९ मध्येच नोंदवलं होतं. पुढं वीस वर्षांनी फोटोग्राफीचा जन्म झाला तेव्हा उमटलेलं चित्र टिकवायचं कसं हा प्रश्न पडला, आणि उत्तर याच माणसाकडं तयार होतं. स्टुडिओवाल्यांच्या बोटांना आणि कपड्यांना येणारा तो आंबट वास हायपोचा. पाच-सात मिनिटांनी झाकण उघडायचं, फिल्म खळखळून धुवायची आणि चकतीवरून उलगडायची.

उलगडली. बल्बपुढं धरली. आकाश काळंकुट्ट, स्तंभ काचेगत पारदर्शक, आजींचं लुगडं उजळ आणि केस काळे. सगळं उलटं आणि तरी सगळं जागच्या जागी! पुष्करणीची ती सावलीची रेघ होती. गाभाऱ्याच्या चौकटीत जवळजवळ काहीच नव्हतं, नुसता कीचकाच्या पोटाचा एक राखाडी ठिपका, आणि तो बघून मला नाचावंसं वाटलं. फिल्मवर प्रत्यक्ष चांदी बसलेली असते हो. चारठाण्याच्या दगडावरून उसळलेला उजेड त्या सकाळी या पट्टीवर आदळला आणि त्यानं चांदीचे कण हलवले. मधे कुणी आकडेमोड केलेली नाही, कुणी सावल्या उचललेल्या नाहीत. फिल्म दोरीला चिमट्यानं टांगली, खालच्या टोकाला दुसरा चिमटा वजनाला. धूळ बसू नये म्हणून आधी गरम पाण्याची बादली सोडून न्हाणीघरात वाफ करायची, वाफेबरोबर धूळ खाली बसते. ही युक्तीही मामांची.

तेव्हापासून जुन्या छायाचित्रांकडं बघायची माझी नजरच फिरली. लाला दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात. काचेच्या जड प्लेटा, तिपाई, रसायनांच्या पेट्या घेऊन ही माणसं दख्खनच्या वास्तूंपुढं उभी राहायची. त्यांना इथला उजेड माहीत होता. डॉ. गो. बं. देगलूरकरांनी मराठवाड्यातल्या देवळांवर आयुष्यभर लिहिलं. मूर्ती वाचायची कशी हे आपल्याला त्यांनी शिकवलं. आता त्यांचं वाचताना मी आधी विचारतो, ऊन कुठल्या बाजूनं येत असेल? आणि सुधारक ओलवेंनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे कृष्णधवल फोटो काढलेत ते बघून आता पोटात तुटतं आणि त्याच वेळी मन म्हणतं, या अंधारात यानं मीटर कशावर धरलं असेल?

मित्र म्हणतात, फोनमध्ये ब्लॅक अँड व्हाइटचं फिल्टर आहे, एक टिचकी मारली की झालं. आहे. मारा टिचकी. रंग काढून टाकलेला फोटो आणि रंग नसतानाच पाहिलेला फोटो यांत फरक आहे, आणि तो चारठाण्याच्या पुष्करणीच्या काठी अर्धा तास बसल्याशिवाय कळत नाही. फिल्म महाग आहे, वेळखाऊ आहे, परभणीत दुकानात मिळत नाही, हे सगळं खरं. तरीही एका रोलच्या पैशांत हॉटेलात एकदा जेवण होतं, त्याच्या जागी एक हिवाळा मिळतो. सौदा स्वस्त आहे.

म्हणून एक विनंती. तुमच्या माळ्यावर, काकांच्या ट्रंकेत, बंद पडलेल्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत कॅमेरा असेलच. याशिका, पेंटॅक्स, निदान बडोद्याला बनलेला आगफा क्लिक. काढा, पुसा, शटर दाबून बघा. आणि जुन्या निगेटिव्हची पाकिटं सापडली तर भंगारात घालू नका. चांदीसाठी ती किलोवर विकली गेली आहेत, त्यात गावंच्या गावं गेली आहेत. कोरडी जागा बघून ठेवा, कुणाचे फोटो आहेत ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून पाकिटावर लिहा. रोल मागवायचा तर नोव्हेंबरातच मागवा. होळी झाली की नळाचं पाणी पंचविशीच्या वर जातं आणि मग बर्फ आणावा लागतो.